एक फोन आणि अठ्ठावीस पोरं

पंचवीस लिही म्हटलं की माझ्या वर्गातली एक पोरगी ५२ लिहायची. छत्तीस म्हटलं की ६३. मी आपली लाल पेनानं गोल करून करून दमले, वर "लक्ष कुठं असतंय गं तुझं" हे ठरलेलं. एकदा जेवणाच्या सुट्टीत सहज म्हटलं, मी कन्नडमधे सांगते ते लिही बघू, इप्पत्तैदु, तर पटकन २५ लिहून मोकळी. घरात कन्नड बोलतात त्यांच्या, आणि कन्नडमधे आधी वीस येतं मग पाच, ऐकलं तसं डावीकडनं लिहीत गेलं की झालं काम. मराठीत पंच आधी आणि वीस मागनं. म्हणजे पोरगी ऐकल्याप्रमाणं बरोब्बर लिहायली होती आणि मी दोन महिने तिला धांदरट समजत बसले होते. २०१९ ला महाराष्ट्रात बालभारतीनं दुसरीच्या गणितात पंचवीसच्या जोडीला "वीस पाच" असं वाचायला दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, मीपण हसले होते तेव्हा. आता नाही हसत.

तर माझ्याकडं कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत चौथी-पाचवी एकत्र आहे, पटावर अठ्ठावीस. घरात मराठी बोलणारी निम्मी, बाकी कुणाच्या घरात कन्नड, कुणाच्या घरात उर्दू, कणकुंबीकडची दोन पोरं अर्धी कोकणी बोलतात, आणि एक वीटभट्टीवर कामाला आलेल्यांचं पोरगं आहे ते दिवाळीनंतर येतं आणि पावसाच्या आधी जातं. ह्या सगळ्यांना एकाच पानावर एकाच वेळी आणायचं म्हणजे काय ते आपल्या भागातल्या मास्तरांना नि बाईंना सांगायची गरज नाही. ट्रेनिंगमधे ह्याला डिफरन्शिएटेड इन्स्ट्रक्शन म्हणतात, म्हणजे एकाच वर्गात ज्याला जसं लागतंय तसं वेगवेगळं शिकवणं, पीपीटीवर चार गोल आणि बाण दाखवतात, मग चहा होतो. आणि टेक्नॉलॉजी म्हटलं की स्मार्ट क्लास, म्हणजे एक मोठा टीव्ही आणि त्यावर सगळ्या अठ्ठावीस जणांना एकच व्हिडिओ. अहो, सगळ्यांना एकच दाखवायचं असेल तर फळा काय वाईट होता?

मी जे करते ते उलट आहे. फोन, टीव्ही, स्पीकर हे दोन गटांना कामात गुंतवून ठेवायला, म्हणजे तेवढी वीस मिनिटं मी तिसऱ्या गटापाशी खाली चटईवर बसू शकते. ज्याला शिकवायचंय त्याला बाईच लागते, ज्याला नुसता सराव पाहिजे त्याला मशीन चालतंय. एवढं एक डोक्यात पक्कं ठेवलं की कुठलं ॲप घ्यायचं हा प्रश्न निम्मा सुटतो.

आणि हे काय नवीन नाही बरं का. ज्यांनी नलीकली, म्हणजे कर्नाटकातल्या सरकारी शाळांतली खेळत शिकायची पद्धत, शिकवलंय त्यांना माहीत आहे. १९९५ ला म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात ते सुरू झालं, पहिली ते तिसरी, शिडीवर प्रत्येक पोराचा वेगळा टप्पा, कुणी बाईंबरोबर, कुणी जोडीदाराबरोबर, कुणी एकटं कार्ड घेऊन बसलेलं. मग पोरगं चौथीला येतं आणि एकदम सगळे पान नंबर बारा उघडा. तिथंच गाडी घसरते.

आधी कान लावा

कुठलंच ॲप डाऊनलोड करायच्या आधी फोनमधला साधा व्हॉइस रेकॉर्डर काढा. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागायच्या आत, कारण नंतर पत्र्यावरच्या आवाजात कायसुद्धा रेकॉर्ड होत नाही, प्रत्येक पोराला व्हरांड्यात बोलवायचं आणि एक मिनिट वाचून घ्यायचं. एका कागदावर चार गोष्टी ठेवते मी: सुटी अक्षरं, साधे शब्द, चार ओळींचा उतारा, आणि एक छोटी गोष्ट. उताऱ्यापासनं सुरू करायचं, जमला तर गोष्ट, नाही जमला तर शब्द, तेही नाही तर अक्षरं. प्रथम संस्थेची वाचन तपासणी अशीच असते. फाईलला नाव हजेरी नंबरानं द्यायचं, "०७ जून वाचन" असं, पोराचं नाव नको. अठ्ठावीस जणांना मला दोन दिवस लागतात, रोज पाऊण तास.

मग रात्री भाकरी थापताना ते ऐकायचं. वर्गात समोर बसून ऐकतो तेव्हा आपलं लक्ष दंगा कोण करायलाय तिकडं असतं, रेकॉर्डिंग ऐकताना वेगळंच कळतं. माझ्याकडं एक पोरगा फाडफाड वाचतो, आगगाडीसारखा, आणि शेवटी विचारलं काय वाचलंस रे, तर गप्प. दुसरा प्रत्येक जोडाक्षराला थांबतो पण अर्थ त्याला सगळा कळालेला असतो. पूर्वी मी पहिल्याला हुशार आणि दुसऱ्याला कच्चा म्हणत होते. दोघांना लागणारी औषधं पूर्ण वेगळी आहेत, पहिल्याला थांबून प्रश्न विचारणारं कुणीतरी पाहिजे आणि दुसऱ्याला त्याच उताऱ्याचं ऑडिओ पाहिजे, की बोट ठेवून ऐकत ऐकत चार वेळा वाचेल.

गणितासाठी प्लिकर्स, म्हणजे पोरांनी धरलेली कार्डं बघून उत्तरं गोळा करणारं फोनवरचं ॲप. पोरांच्या हातात फोन लागतच नाही म्हणून हे आपल्या शाळांना एकदम सोयीचं. वेबसाईटवरनं कार्डांची पीडीएफ फुकट मिळते, ४० कार्डांचा संच, प्रत्येक कार्डावर काळ्या चौकोनांचं वेगळं चित्र आणि चार बाजूंना ए बी सी डी. प्रश्न फळ्यावर लिहायचा, पोरानं आपलं उत्तर वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरायचं, आपण फोनचा कॅमेरा वर्गावरनं फिरवायचा, कुणाचं काय ते स्क्रीनवर येतं. शेजारच्याचं बघून करायची सोय नाही कारण प्रत्येकाचं चित्र वेगळं. थोडं नेट लागतं. आणि एक सांगते, कार्डं लॅमिनेट करू नका, मी हौसेनं केली आणि खिडकीचा उजेड चमकून निम्मी कार्डं फोन वाचेचना. साध्या पुठ्ठ्यावर खळ लावून चिकटवा, वर्षभर टिकतात.

प्रश्न काढताना चुकीचे पर्यायसुद्धा विचार करून काढा. "पंचवीस" ला पर्यायात ५२ ठेवलं की कोण आकडा उलटा करायलंय ते एका मिनिटात दिसतं, पर्यायात ३१ आणि ७७ टाकून काय कळणार? तसंच १/३ आणि १/४ मधे मोठं कुठलं, ह्याला १/४ म्हणणारी पोरं म्हणजे चार मोठा म्हणून चतकोर मोठा समजणारी. त्यांचा तो एक गट झाला.

गट ह्या विषयापुरताच आणि ह्या आठवड्यापुरताच हं. मी पहिल्या वर्षी गटांना मोर, पोपट, चिमणी नावं दिली होती आणि वर्षभर तीच ठेवली. दोन दिवसात पोरांना कळालं चिमणी म्हणजे ढ. एका आईनं मला बसस्टँडवर थांबवून विचारलं, टीचर आमची चिमणीत का? काय उत्तर देणार. आता कामाला रंग देते, पोराला नाही. निळं काम, पिवळं काम, आणि सोमवारी निळं करणारा गुरुवारी पिवळं करतो.

अपूर्णांकाचा एक तास, जसा झाला तसा

तास चाळीस मिनिटांचा. पहिली आठ-दहा मिनिटं सगळे एकत्र, एक भाकरी चार जणात, तीच भाकरी तीन जणात, कुणाला जास्त मिळाली, भांडा. भांडण रंगलं की तिथंच सोडायचं.

मग निळं काम माझ्यापाशी. ही ती १/४ मोठा म्हणणारी आठ पोरं. इथं फोनबिन काही नाही, जुन्या पेपरच्या पट्ट्या, घडी घाल, फाड, शेजारी ठेव, बघ. पिवळं काम म्हणजे ज्यांना कळालंय पण सराव पाहिजे ती, बारा-तेरा पोरं, ती लॅपटॉपपाशी. तिथं फेटचं अपूर्णांकाचं सिम्युलेशन, म्हणजे स्क्रीनवर स्वतः बदलून बघायचं चित्र, उघडून ठेवलेलं असतं. फेट हे अमेरिकेतल्या कोलोरॅडो बोल्डर विद्यापीठाचं, २००२ पासनं चालू आहे, फुकट आहे, बरीच सिम्युलेशनं मराठीत आहेत आणि महत्त्वाचं म्हणजे फाईल एकदा डाऊनलोड केली की नेट न लावता ब्राउझरमधे चालते. वर्तुळाचे, पट्टीचे, केकचे तुकडे करून वर-खाली अंक बदलायचे, चित्र लगेच बदलतं. एका लॅपटॉपवर तेरा पोरं म्हणजे दंगा होणारच म्हणून नियम: माऊस ज्याच्या हातात तो बोलायचं नाही, बाकीच्यांनी सांगायचं आणि त्यानं करायचं. हा नियम लावल्यापासनं जे गणित बोलतात पोरं, मी इकडं पट्ट्या फाडताना कान तिकडं असतो माझा.

तिसरं काम, हिरवं, ज्यांना हे आधीच येतंय अशी सहा-सात. पूर्वी मी त्यांना आणखी दहा गणितं द्यायचे, म्हणजे लवकर झालं ह्याची शिक्षाच. आता फोन देते आणि सांगते, शाळेच्या आवारात तीन-चतुर्थांश शोधून आणा, फोटो काढा आणि का तीन-चतुर्थांश ते बोलून रेकॉर्ड करा. एकदा पोरं अंड्याच्या ट्रेचा फोटो घेऊन आली, तीस अंड्यांचा ट्रे, साडेबावीस अंडी पाहिजेत म्हणून स्वयंपाकाच्या मावशींशी वाद घालून आलेली. अर्धं अंडं कसं दाखवायचं? शेवटी दोन ट्रे जोडून पंचेचाळीस मोजली. मी हे सुचवलं नव्हतं.

शेवटची दहा मिनिटं परत सगळे एकत्र. हिरव्यावाल्यांचा फोटो टीव्हीवर, निळ्यावाल्यांनी पट्टी लावून तपासायचं खरंच तीन-चतुर्थांश आहे काय. हे एकत्र येणं सोडू नका. एका वर्षी मी कच्च्या गटाला दोन महिने नुसतं सोपं सोपं देत राहिले, वाटलं पोरांना झेपेल तेवढंच द्यावं, आणि परीक्षेला बघते तर पाचवीचा प्रश्न त्यांनी कधी बघितलेलाच नव्हता. वाट वेगळी असूदे, पोचायचं गाव एकच पाहिजे.

मराठी शाळा, घरात कन्नड

आपल्याकडं हा सगळ्यात मोठा फरक आणि बाहेरनं येणाऱ्या ट्रेनिंगमधे हा कधी नसतो. विज्ञानाच्या प्रयोगात शेवटी आपण "अनुमान" लिहायला सांगतो. कन्नडमधे अनुमान म्हणजे संशय. एका पोरानं अनुमानासमोर लिहिलं होतं, "मला वाटतंय पाणी गळालं असणार." मी हसले, पण त्याच्या भाषेत बरोबरच होतं की ते! तर विषयातल्या शब्दांची एक यादी करा, प्रत्येक धड्याला आठ-दहाच शब्द, मराठी, कन्नड, इंग्रजी, तिन्ही देवनागरीत आणि शेजारी कन्नड लिपीत. अपूर्णांक भिन्नराशी, क्षेत्रफळ विस्तीर्ण, परिमिती सुत्तळते. आणि गंमत म्हणजे अंश आणि छेद दोन्हीकडं अंश आणि छेदच. हे पोरांना सांगितलं की कन्नड घरातल्या पोराला एकदम वाटतं अरे हे तर आपलंच. यादी वाचून रेकॉर्ड करायला सातवीतल्या एखाद्या दोन्ही भाषा येणाऱ्या पोरीला बसवा, तिचा आवाज पोरं आपल्यापेक्षा जास्त ऐकतात.

गूगल ट्रान्सलेटमधे मराठी आणि कन्नड दोन्ही ऑफलाईन उतरवून ठेवता येतात, ते करून ठेवा. कॅमेरा धरून कन्नड पान मराठीत वाचता येतं, आम्ही बायका ते कन्नड सर्क्युलर वाचायलाच जास्त वापरतो हे खरं. पण धड्याचं भाषांतर त्यानं करून पोरांना तसंच्या तसं देऊ नका, शब्द विचारायला चांगलं आहे, परिच्छेद टाकला की काय येईल नेम नाही.

वाचनासाठी स्टोरीवीव्हर, ही पोरांच्या गोष्टींची वेबसाईट. प्रथम बुक्सनं २०१५ ला सुरू केलेलं आहे, गोष्टी चार पातळ्यांमधे लावलेल्या, मराठी आहे, कन्नड आहे, उर्दू आहे, इंग्रजी आहे, आणि प्रिंट काढायला कुणाची परवानगी मागावी लागत नाही, लायसन्सच तसं खुलं आहे. मी काय करते, एकच गोष्ट मराठी आणि कन्नड दोन्हीत उतरवते आणि जोडीनं देते, एक पोरगं घरात मराठीवालं एक कन्नडवालं. मराठीवाला मराठी वाचतो, दुसरा कन्नड, मग अदलाबदली, अडलं तर जोडीदार आहेच. शिवाय आपल्या पोरांना कन्नड विषय आहेच, त्यात जे मार खातात त्यांनापण ह्याचा फायदा होतोय. कन्नड येणाऱ्या पोरांना मराठी तासाला नेहमी खालच्या मानेनं बसायची सवय लागलेली असते, ह्या तासाला ती मास्तर होतात.

आणि दीक्षा, सरकारचं शाळेच्या अभ्यासाचं ॲप. २०१७ पासनं आहे, पुस्तकातला क्यूआर स्कॅन केला की व्हिडिओ. मराठी माध्यमाला तिथं हवं ते नाही सापडलं तर प्रोफाईलमधे बोर्ड बदलून महाराष्ट्र करा आणि माध्यम मराठी करा, बरंच काही उघडतं. धड्याचे नंबर जुळणार नाहीत, विषयाच्या नावानं शोधायचं. सीमाभागात राहिल्याचा एवढा तरी फायदा घ्यायला नको काय?

उतारा एक, रूपं तीन

आता एआय आलंय, चॅटजीपीटी, जेमिनी वगैरे. एकाच उताऱ्याची तीन रूपं करायला मी वापरते, आधी हे करायला रविवार जायचा. सांगताना मोघम सांगायचं नाही. "सोपं करून दे" म्हटलं की सोपं होत नाही, छोटं होतं. मी असं लिहिते: वाक्यात पाच शब्दांपेक्षा जास्त नको, गावाचं नि नदीचं नाव सोडून जोडाक्षर नको, एका वाक्यात एकच गोष्ट, बोलतो तशी मराठी. मलप्रभेवरचा उतारा होता, त्याचं पहिलं रूप असं झालं: "कणकुंबी नावाचं एक गाव आहे. तिथं एक नदी सुरू होते. तिचं नाव मलप्रभा. ती खानापूरला येते." दुसरं: "मलप्रभा नदी कणकुंबीला उगम पावते, खानापूरवरनं पूर्वेला जाते. सौंदत्तीजवळ तिच्यावर धरण आहे." तिसऱ्यात धरण, शेती, शेवटी कुडलसंगमला कृष्णेत मिळणं सगळं. आणि प्रश्न तिन्हीला एकच: पाऊस कणकुंबीला एवढा पडतो, मग धरण सौंदत्तीकडं का बांधलं असेल? पहिलं रूप वाचणारा पोरगासुद्धा ह्यावर बोलू शकतो, त्यानं तो पाऊस बघितलेला आहे.

पण दरवेळी स्वतः वाचून मगच झेरॉक्सला द्या. पहिल्यांदा त्यानं "सदर नदी" असं लिहून दिलं, आमच्यात सदर फक्त नोटिशीत असतं. आणि एकदा तर मलप्रभेला थेट अरबी समुद्राला नेऊन सोडली, म्हादई तिकडं जाते म्हणून गोंधळलं असेल. पोरांची नावं, आजार, घरची भानगड ह्यातलं काहीही त्यात टाईप करू नका.

फोन पोरांच्या हातात देताना

पहिल्यांदा मी हिरव्या गटाला फोन दिला आणि पाच मिनिटांनी गेले तर रील्स चालू. त्यात माझ्या नणंदेचा मेसेज पण वाचून झालेला. त्यानंतर शिकले: सेटिंगमधे सिक्युरिटीखाली ॲप पिनिंग म्हणून असतं, काही फोनमधे स्क्रीन पिन म्हणतात, ते आणि त्यातलं अनपिन करताना पिन विचारायचं बटण चालू केलं की जे ॲप उघडून दिलंय त्यातनं पासवर्डशिवाय बाहेर पडता येत नाही. सोबत एअरप्लेन मोड. जुना फोन असेल घरात तर तोच शाळेचा करा, सिम काढून. फोटो पोरांचे तोंड दिसतील असे ग्रुपवर टाकायचे नाहीत, २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतल्या पोरांसाठी पालकांची संमती लागते असं आहे, आणि कायदा राहूदे बाजूला, कच्च्या पोराचं अडखळत वाचणं सगळ्या गावाला ऐकवायची काय गरज?

घरी पाठवायचं म्हटलं तर आपल्याकडं फोन बापाबरोबर कामावर जातो आणि रात्री आठला येतो, तोपर्यंत पोरगं झोपेला आलेलं. म्हणून मी घरी स्क्रीन लागणारा अभ्यास पाठवतच नाही, व्हॉइस नोट पाठवते, एक मिनिटाची, आणि ती ग्रुपवर नाही, त्या त्या घरी. आईला वाचता येत नसलं तरी ऐकता येतंय. "आज आजीला विचार, तिच्या लहानपणी माप काय होतं, शेर, पायली, आणि उद्या सांग." उत्तर पण व्हॉइसनं. मोठ्या वर्गाला शिकवत असाल आणि घरोघर फोन असतील तर गूगल फॉर्म बघा, प्रश्नाच्या तीन टिंबांवर दाबलं की उत्तराप्रमाणं पुढच्या सेक्शनला न्यायचा पर्याय येतो, म्हणजे चुकलं की समजावून सांगणारं पान, बरोबर आलं की पुढचा अवघड प्रश्न. बांधायला वेळ लागतो, एकदा बांधला की दरवर्षी चालतो.

ज्यांना दिसायला, ऐकायला, लिहायला अडचण आहे

ह्याला वेगळं ॲप विकत घ्यायला लागत नाही, अँड्रॉइड फोनमधे ॲक्सेसिबिलिटी म्हणून सेटिंग असतं त्यातच बरंच आहे. कमी दिसणाऱ्या पोराला फळ्याचा फोटो काढून हातात द्यायचा, तो बोटानं मोठं करून वाचतो, पहिल्या बाकावर बसवण्यापेक्षा ह्यानं जास्त फरक पडला. सिलेक्ट टू स्पीक चालू केलं की स्क्रीनवरचं मराठी वाचून दाखवतं, आवाज थोडा यंत्रासारखा आहे पण पोरं दोन दिवसात सरावतात. कमी ऐकू येणाऱ्यासाठी लाईव्ह ट्रान्स्क्राईब, आपण बोलतो ते अक्षरात उमटतं, मराठीत पण. वर्गाच्या गोंधळात चुका फार होतात, म्हणून फोन माझ्या तोंडाजवळ, स्क्रीन त्याच्याकडं, आणि पोराला आधी वाचता आलं पाहिजे हे उघडच.

लिहिताना ज्याचा हातच चालत नाही, तोंडी सगळं येतंय, अशा पोराला जीबोर्ड ह्या फोनच्या कीबोर्डवर माईक दाबून मराठीत बोलायला लावा. माझ्याकडच्या एकानं असं पहिल्यांदा आठ ओळींचा निबंध "लिहिला", बैलपोळ्यावर. स्वल्पविराम, पूर्णविराम कायसुद्धा नव्हतं, ते मग त्यानं स्वतः पेन्सिलनं टाकले. डिस्लेक्सियासारख्या शिकण्यातल्या अडचणी २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारात येतात, तेव्हा पालकांना तपासणीला पाठवताना "वेड लागलंय काय माझ्या पोराला" ह्या बोलण्याला हे उत्तर आहे. पण फोनवर दिसलं म्हणून आपणच निदान करायला जाऊ नका.

नेट, करंट आणि कपाट

जून ते सप्टेंबर आमच्याकडं करंट कधी जाईल सांगता येत नाही आणि नेटवर्क शोधत पोरं आंब्याच्या झाडाखाली जातात. म्हणून प्लिकर्सला लागतं तेवढं सोडून शाळेत काहीच ऑनलाईन करायचं नाही असंच धरून चाला. रविवारी घरात नेट असताना सगळं उतरवायचं: गोष्टी पीडीएफ, ऑडिओ, फेटच्या फाईली, व्हिडिओ एमपी४ मधे. पेनड्राईव्हमधे फोल्डर तीन, निळं पिवळं हिरवं, त्यात वाराप्रमाणं फाईली, म्हणजे तुम्ही रजेवर असला तरी दुसऱ्या बाईंना लावता येतं. हॉटेलातल्या गाण्यासारखा मोठा स्पीकर नको, छोटा ब्लूटूथ स्पीकर घ्या, एका गटापुरता आवाज. त्यापेक्षा चांगलं म्हणजे एका पिनेचे चार हेडफोन करणारा जोड मिळतो बाजारात, चार पोरं एकच ऑडिओ ऐकतात आणि बाकी वर्ग शांत.

एका शाळेत मी बघितलंय, देणगीतनं आलेले टॅब दोन वर्षं कपाटात, वरचं प्लास्टिक न काढता, कारण फुटलं तर भरून कोण देणार आणि पासवर्ड माहीत असलेल्या सरांची बदली झालेली. एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या देखरेख समितीच्या, मीटिंगला हा विषय आधीच काढा, वापरताना मोडलं तर पोराकडनं किंवा बाईकडनं वसूल करायचं नाही असं वहीत लिहून घ्या, सह्या घ्या. पासवर्ड हेडमास्तरांच्या टेबलाच्या काचेखाली नको, पण दोघांना तरी माहीत पाहिजे.

सुरुवात करणार असाल तर पहिले दोन आठवडे फक्त रेकॉर्डिंग आणि प्लिकर्स करा, गट पाडू नका. तिसऱ्या आठवड्यात एकाच विषयाचा आठवड्यातनं एक तास असा घ्या, दोनच गट, एक तुमच्यापाशी आणि एक ऑडिओपाशी. पहिला तास फसणारच, स्पीकर जोडला जाणार नाही, कुणीतरी रडणार. तिसरा गट दिवाळीनंतर. आणि चार्जर, केबल नि तो हेडफोनचा जोड स्वतःच्या पर्समधे ठेवा, शाळेत ठेवलेली केबल दुसऱ्या दिवशी कधीच सापडत नाही.